चांगला डोळा झाकायचा तो कशासाठी?

वाचकाचं पत्र

ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं, त्यांनी डाव्या डोळ्याने कमी दिसतं म्हणून पुढे पाठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. उजव्या डोळ्याला प्लस 1 आणि डाव्याला प्लस 5 नंबर निघाला. चष्मा केला. चार महिने झाले, चष्मा लावूनही डावा डोळा 6/24 वरच आहे, म्हणजे चांगल्या डोळ्याला 24 मीटरवरून दिसतं ते त्याला 6 मीटरवरून दिसतं. आता रोज दोन तास उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलंय. डॉक्टर म्हणतात डोळ्यात काही दोष नाही. मग दिसत का नाही? पट्टी लावली की ती रडते, ओढून काढते. सासूबाई म्हणतात, आहे तो चांगला डोळा कशाला बिघडवता, मोठी झाली की लेझर करू. ह्यांनाही तेच पटतं. नणंदेने मेंदूच्या विकासाचा एक क्लास सुचवलाय, तिथे डोळे बांधून वाचायला शिकवतात म्हणे. आमच्याकडून उशीर झाला का? आणि धाकटा आठ महिन्यांचा आहे, त्याचंही असंच निघेल का?
– एक आई, बार्शी

उत्तर

आधी उत्तर देते, कारणं मागून. पट्टी लावा. चष्मा झोपेतून उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत राहू द्या. लेझरच्या भरवशावर थांबू नका. साडेपाच वर्षं म्हणजे उशीर झाला असं मुळीच नाही, पण आणखी वर्षभर बघू म्हणण्याइतकी सवडही नाही. हे का, ते सविस्तर सांगते. घरात तुम्हाला एकटीला तिघांना पटवायचंय, आणि नुसतं "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून रडत्या पोरीला रोज पट्टी लावत राहणं कुठल्याही आईला जड जातं.

तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे: डोळ्यात दोष नाही, मग दिसत का नाही? डोळा फक्त चित्र घेतो. त्या चित्राचा अर्थ लागतो मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला, आपण अंबाडा घालतो साधारण त्याच्या आतल्या भागात. बाळ जन्मतं तेव्हा डोळ्यापासून तिथवरच्या जोडण्या ढोबळ झालेल्या असतात. बारीक काम बाकी असतं आणि ते बघून बघूनच होतं. कडा, रेषा, आईचा चेहरा, कुंकवाचा ठिपका हे सगळं स्पष्ट दिसत राहिलं तरच त्या पेशी बारकावे ओळखायला शिकतात. ज्या डोळ्याकडून कायम धूसर चित्र येतं, त्या डोळ्यासाठी हे शिकणं होतच नाही.

तुमच्या मुलीचं नेमकं हेच झालं. प्लसचा नंबर असलेलं मूल डोळ्यातल्या भिंगावर जोर देऊन चित्र स्पष्ट करून घेऊ शकतं. पण हा जोर दोन्ही डोळ्यांवर सारखाच पडतो, एकावर कमी आणि एकावर जास्त असा देता येत नाही. उजव्याला प्लस 1 एवढाच नंबर, म्हणून थोड्याशा जोरात उजव्याचं चित्र स्पष्ट झालं आणि जोर तिथेच थांबला. डावा मात्र चार नंबरांनी मागे, सदा धूसर. जवळचं बघताना धूसर, लांबचं बघताना धूसर, तान्ही असल्यापासून धूसर. आणि उजवा डोळा इतका चांगला की चित्रात रंग भरणं, पळणं, सुईत दोरा ओवणाऱ्या आजीला मदत करणं, काहीच अडलं नाही. ती टीव्हीला चिकटत नव्हती, तिरळी दिसत नव्हती. मग तुम्ही ओळखायचं तरी कशावरून? ज्याला आपण आळशी डोळा म्हणतो आणि डॉक्टर अँब्लिओपिया म्हणतात, तो शंभरात दोन-तीन जणांना असतो, आणि एकच डोळा अधू असेल तर तो बहुतेक वेळा असाच, कुणीतरी एक डोळा झाकून तपासल्यावर कळतो. तुमच्या पथकाने तो शाळेआधीच पकडला, हे चांगलं झालं. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासणारा हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यांनी पुढे पाठवलेला कागद घरात पडून राहतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. तुम्ही तो पडू दिला नाही.

आता चांगला डोळा झाकण्यामागचं शास्त्र. अमेरिकेत हार्वर्डला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाचे डोळे उघडायच्या सुमारास एका डोळ्याची पापणी शिवून टाकायची आणि साधारण तीन महिन्यांनी उसवायची. वाचायला क्रूर वाटतं, मलाही वाटतं. पण आज जगभर लहान मुलांच्या डोळ्यांवर जे वेळेत उपचार होतात, त्यांच्या मुळाशी हे काम आहे. पापणी उसवल्यावर तो डोळा तपासला तर ठणठणीत. त्याचा आतला, चित्र टिपणारा पडदाही चांगला. मग त्यांनी मेंदूच्या दृष्टीच्या भागात केसाहून बारीक तार घालून एकेका पेशीचं काम ऐकलं. एरवी तिथल्या बहुतेक पेशी दोन्ही डोळ्यांना कमी-अधिक दाद देतात. या पिल्लांमध्ये शिवलेल्या डोळ्याला दाद देणारी पेशी जवळजवळ उरलीच नव्हती. पिल्लू त्या डोळ्याने आंधळं झालं होतं. आणि हाच डोळा मोठ्या मांजराचा तितकेच दिवस शिवून ठेवला, तर काहीच बिघडलं नाही. म्हणजे फरक झाकण्याचा नव्हता, वयाचा होता. 1981 मध्ये या दोघांना नोबेल मिळालं.

त्यांच्याच पुढच्या एका प्रयोगाबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, पण तुमच्या घरातल्या वादाचं उत्तर त्यात आहे. त्यांनी काही पिल्लांचे दोन्ही डोळे शिवले. एक झाकल्यावर एवढं नुकसान, तर दोन झाकल्यावर दुप्पट व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. त्या मेंदूत बऱ्याच पेशी अजून डोळ्यांना दाद देत होत्या. यावरून कळलं की डोळा नुसता वापरात नसल्याने वाळत नाही. शेजारचा डोळा त्याची जागा घेतो. आपल्याकडे दोन भावांचं वावर लागून असतं आणि एकाने पेरणी सोडली की दुसरा दर वर्षी थोडा थोडा बांध कोरत जातो, तसाच हा प्रकार. मेंदूत दोन्ही डोळ्यांच्या वाट्याचे पट्टे शेजारी शेजारी असतात. लहानपणी तो बांध मऊ असतो. तुमच्या लेकीच्या उजव्या डोळ्याने डाव्याच्या हद्दीत बरंच पुढे येऊन पेरलंय.

म्हणून नुसता चष्मा पुरला नाही. चष्म्याने डाव्या डोळ्याचं चित्र आता स्पष्ट झालं, पण ते चित्र जिथे पोहोचायचं तिथली जागा उजव्याकडे आहे. ती परत मिळवायची तर काही वेळ उजव्याला थांबवून डाव्याला एकट्याने काम करू द्यावं लागतं. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेकमोर आणि व्हान स्लाइटर्स यांनी नेमकं हे पिल्लांवर करून पाहिलं. शिवलेला डोळा उघडला आणि चांगला डोळा शिवला. पाचव्या आठवड्यात अदलाबदल केली तर पेशी जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या आधी झाकलेल्या डोळ्याकडे वळल्या. चौदाव्या आठवड्यात केली तर जवळपास काहीच वळलं नाही. पट्टी लावायची ती याचसाठी, आणि डॉक्टर घाई करतात तीही याचसाठी. पट्टीची कल्पना मात्र या प्रयोगांहून खूप जुनी. फ्रान्समधल्या बुफाँ नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने 1743 मध्येच तिरळ्या मुलांचा चांगला डोळा झाकावा असं लिहून ठेवलं होतं. का गुण येतो ते कळायला सव्वादोनशे वर्षं गेली.

सासूबाईंना मात्र उडवून लावू नका. त्यांच्या भीतीत तथ्य आहे. अगदी लहान बाळाचा चांगला डोळा दिवसचे दिवस बेहिशेब झाकला, तर तो मागे पडू शकतो. वर सांगितलेल्या प्रयोगांवरून हेच निघतं. म्हणून तर तास ठरवून दिलेले असतात आणि तपासणीच्या तारखा असतात, आणि प्रत्येक तारखेला दोन्ही डोळे मोजले जातात. साडेपाच वर्षांच्या मुलीला दोन तासांनी उजव्याला धोका होण्याची शक्यता फार कमी, आणि तसं काही झालंच तर तपासणीत लगेच कळतं, पट्टी थांबवली की बहुधा भरूनही निघतं. हे त्यांना शांतपणे सांगा. शक्य असेल तर पुढच्या तारखेला त्यांनाच बरोबर न्या. 6/24 चं 6/18 झालेलं समोर पाहिलं की घरातला विरोध आपोआप निवळतो. अशा आज्या पुढे पट्टीचा डबा स्वतःच्या ताब्यात ठेवतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

दोनच तास कसे पुरतील, असंही कुणी विचारेल. अमेरिकेत मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका मोठ्या गटाने 2003 मध्ये सात वर्षांखालच्या, तुमच्या मुलीइतपतच नजर कमी असलेल्या मुलांचे दोन गट केले. एकाला रोज दोन तास पट्टी, दुसऱ्याला सहा तास. चार महिन्यांनी दोन्ही गटांतली मुलं तक्त्यावर सरासरी दोन ओळींहून जास्त सुधारली होती, आणि सुधारणा सारखीच होती. तेव्हा आपल्या मनाने तास वाढवू नका, कमीही करू नका. त्याच गटाने पुढे 7 ते 12 वर्षांच्या मुलांनाही उपचार देऊन पाहिले. नुसत्या चष्म्यावर साधारण चौथा हिस्सा मुलं सुधारली, पट्टी आणि चांगला डोळा तात्पुरता धूसर करणारे थेंब जोडल्यावर निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे सात वर्षं झाली की दार धाडकन बंद होतं असं नाही. मात्र जितकं वय कमी तितकं कमी कष्टात जास्त मिळतं, आणि ते फिरून मिळत नाही.

"मोठी झाली की लेझर" याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. लेझर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतं, चष्म्याचा नंबर घालवतं. चष्मा जे करतो तेवढंच ते करतं. आज चष्मा लावून डाव्या डोळ्याला 6/24 दिसतंय, तर अठराव्या वर्षी लेझर करूनही ते साधारण तेवढंच राहील, कारण अडचण बुबुळावर नाहीच. चष्मा काढायची हौस असेल तर लेझरचा विचार तेव्हा जरूर करा. आधी मेंदूला त्या डोळ्याने बघायला शिकवून ठेवा.

हे सगळं वाचून "मग आमच्याकडून आधीच गेलं का" ही भीती वाढू नये म्हणून आणखी एक सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले प्राध्यापक पवन सिन्हा यांनी दिल्लीत प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असलेली, उपचाराविना वाढलेली मुलं गावोगाव शोधायची, त्यांची ऑपरेशनं करायची आणि नंतर त्यांचं बघणं कसं घडतं ते समजून घ्यायचं. ही मुलं आठ-दहा वर्षांची, काही सतरा वर्षांचीही. जुन्या पुस्तकी समजुतीप्रमाणे त्यांना काहीच मिळायला नको होतं. ऑपरेशननंतर एका चाचणीत त्यांना एक वस्तू हाताने चाचपायला दिली आणि मग दोन वस्तू दाखवून विचारलं, यातली ती कुठली? पहिल्या एक-दोन दिवसांत जवळजवळ अंदाजानेच बोट दाखवत होती. काही दिवसांतच बहुतेक बरोबर ओळखायला लागली. त्यांची नजर 6/6 झाली नाही, बारीक अक्षर त्यांना अवघडच राहिलं, तो तोटा खराच. पण चेहरे ओळखणं, वाट काढणं, वस्तू वेचणं हे त्यांना आलं. तुमची मुलगी त्यांच्या मानाने कितीतरी पुढे उभी आहे. तिचा एक डोळा पूर्ण शिकलेला आहे, दुसऱ्यात मोतीबिंदू नाही, चष्मा लागलेला आहे आणि वय साडेपाच.

आता रोजच्या कामाबद्दल. इथेच बहुतेक घरं हरतात.

पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, कातडीला चिकटणारी घ्या आणि वरून चष्मा घाला. काचेवर कापड लावलं की मुलं मान तिरपी करून नाकाच्या बाजूच्या फटीतून चांगल्या डोळ्यानेच बघतात, आणि आपल्याला वाटतं दोन तास झाले. नाकाच्या कडेला पट्टी नीट दाबली गेलीय का, ते बोट फिरवून बघा. काढताना कोमट पाण्याने कडा ओलसर करा, आतल्या कडेपासून बाहेर हलक्या हाताने ओढा, नंतर थोडं खोबरेल लावा. दुसऱ्या दिवशी पट्टी लावण्याआधी ते तेल पुसलेलं असावं, नाहीतर चिकटत नाही. कातडी लालबुंद होऊन सोलवटली तर डॉक्टरांना सांगा. चांगल्या डोळ्यात थेंब घालून तो तात्पुरता धूसर करण्याचाही उपाय असतो आणि मध्यम कमी नजरेच्या मुलांत तो पट्टीच्या तोडीस तोड ठरलेला आहे. पण ते थेंब कधी, किती, हे त्यांनीच ठरवायचं. शेजारणीकडचे थेंब आणून घालू नका.

वेळ शाळेतला नको, घरातला निवडा. वर्गात फळा दिसत नाही आणि मुलं चिडवतात, मग मूल पट्टीचाच राग धरतं. संध्याकाळी ती ताजीतवानी असेल, पोट भरलेलं असेल तेव्हा बसवा. तिला काम द्या, जवळचं आणि बारीक. शेंगदाण्यातले खराब दाणे वेगळे काढणं, मणी ओवणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, चित्रातल्या रेषेच्या आत रंगवणं, मोठ्या अक्षरांचं गोष्टीचं पुस्तक. पहिले काही दिवस अडखळेल, चहा सांडेल, रडेल. तिला खरोखरच कमी दिसतंय त्या वेळात, हट्ट म्हणून रागावू नका. जिने उतरणं, रस्त्यावर खेळणं, सायकल हे पट्टी काढल्यावर. सलग दोन तास होत नसतील तर तास-तास दोनदा करता येतील का, ते डॉक्टरांना विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. एक कॅलेंडर भिंतीला लावा आणि जितकी मिनिटं खरी झाली तितकीच लिहा. तपासणीला ते घेऊन जा. सुधारणा थांबली तर पट्टी पुरेशी झाली नाही की उपाय बदलायला हवा, हे डॉक्टरांना त्या आकड्यांवरूनच कळतं.

नजर सुधारली की आनंदाच्या भरात पट्टी बंद करू नका. उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलाचा डोळा पुन्हा थोडा मागे सरकतो. तास हळूहळू कमी करायचे असतात आणि नंतरही तपासण्या चालू ठेवायच्या असतात.

नणंदेच्या क्लासला पाठवू नका. डोळे बांधून वाचणारी मुलं त्याच नाकाजवळच्या फटीतून वाचतात. वाढत्या मेंदूला अनुभव लागतो हे खरं आहे, पण तो रोजच्या जगण्यातला: स्पष्ट दिसणं, स्पष्ट ऐकू येणं, अंगाखांद्यावर घेणं, बोलणं. ते पैसे चष्म्याच्या दुसऱ्या फ्रेमला ठेवा. लहान मुलाची फ्रेम मोडतेच, आणि दुरुस्तीत गेलेला आठवडा मोलाचा असतो.

धाकट्याबद्दल. बहिणीला एवढा नंबर आहे म्हटल्यावर त्यालाही असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त, पण असेलच असं नाही. पहिल्या वाढदिवसाची वाट न बघता मुलांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. अक्षरं यायची गरज नसते, थेंब घालून उजेडाच्या झोताने बाळाचाही नंबर मोजता येतो. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली तर मात्र त्याच दिवशी न्या. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा त्याहून गंभीर काही. बाळाच्या बाबतीत आठवडेसुद्धा मोजावे लागतात. एकाच डोळ्यात जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पहिल्या दीड-दोन महिन्यांत व्हावं असं सांगतात. आणि बाळाचा मेंदू किती आतुर असतो बघा: 1999 मध्ये कॅनडातल्या डॅफ्ने मॉरर यांच्या गटाने मोतीबिंदू काढलेल्या बाळांना लेन्स बसवल्यावर नजर मोजली, तर ती नवजात बाळाइतकीच होती. फक्त एक तास जागेपणी बघू दिल्यावर पुन्हा मोजली आणि तेवढ्यात ती वाढलेली होती.

त्याचे कानही याच निमित्ताने तपासून घ्या, जन्मल्यावर तपासले नसतील तर. कानाचंही गणित असंच आहे. सहा-आठ महिन्यांचं बाळ जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगळे ओळखतं. 1984 मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आपल्या "ट" आणि "त" मधला फरक कळतो, आणि वर्षाची होईपर्यंत तो बहुतेकांचा जातो, कारण तो त्यांच्या कानावर पडतच नाही. ज्या बाळाला ऐकूच येत नाही त्याचं काय होत असेल, याचा विचार करा. "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका.

ह्यांना माझं हे पत्र वाचायला द्या. एक विनंती त्यांना थेट करते: पट्टीच्या त्या दोन तासांतला निदान अर्धा तास तुम्ही तिच्याबरोबर बसा, मणी ओवा, पुस्तक धरा. हे काम बहुधा काही महिने चालेल, आणि एकट्या आईवर पडलं की ते मध्येच सुटतं. पुढच्या तारखेला डॉक्टरांना विचारा: डाव्या डोळ्याच्या किती ओळी वाढल्या, उजवा आहे तसाच आहे ना, आणि दोन्ही डोळे मिळून वस्तू किती जवळ, किती लांब हे तिला कळतं का, ते कधी तपासणार?